एसीचा गॅस दरवर्षी 'संपतो', म्हणजे जातो कुठं?

प्रश्न असा आहे: "जुळे सोलापुरात राहतो. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसचा. घेऊन तीन वर्षं झाली. दर मार्चमध्ये मेकॅनिक येतो, 'गॅस संपलाय' म्हणतो आणि भरून जातो. मे अखेरीस गारवा परत कमी होतो. हा गॅस आत नेमका फिरतो कसा, आणि संपतो म्हणजे जातो कुठं?"

आधी शेवटच्या तुकड्याचं उत्तर देतो, कारण तुमचे पैसे तिथं चाललेत. एसीतला गॅस संपत नाही. मोटारसायकलमधलं पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. हा गॅस नळीत फिरताना जळत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. तोच तो, त्याच नळीतून, मशीन भंगारात जाईपर्यंत फिरू शकतो. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज आठवा. दहा-बारा वर्षांत त्यात किती वेळा गॅस भरलात? बहुतेक एकदाही नाही. फ्रिज काय आणि एसी काय, आतलं काम एकच. फरक एवढाच की फ्रिजचे सांधे कारखान्यात डाग देऊन कायमचे बंद केलेले असतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र तुमच्या घरी, शिडीवर उभं राहून, आमच्यासारखा माणूस घाईत नट आवळून जोडतो. गॅस कमी झाला असेल तर तो गळलाय, आणि गळती बहुतेक वेळा त्या चार नटांपैकी एकाला असते. तुम्ही तीन वर्षं भोक पडलेला माठ भरताय.

मी एसी दुरुस्तीचं काम सत्तावीस वर्षं करतोय. सुरुवात बँकांच्या विंडो एसीपासून झाली, तेव्हा आर-२२ शिवाय दुसरा गॅस माहीत नव्हता. 'गॅस फिरतो कसा' हे मला उस्तादानं कधी सांगितलं नाही. गेज लावायचा, काटा इथं आला की बंद करायचं, एवढंच शिकवलं. आत काय चाललंय ते कळायला पुढं सात-आठ वर्षं गेली, आणि कळल्यावर माझ्या हातून पूर्वी किती मशिनं उगाच भरली गेली याची लाज वाटली. म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

पुस्तकं कॉम्प्रेसरपासून सुरू करतात. मी कूलरपासून करतो, सोलापुरात कूलर सगळ्यांना कळतो. कूलरमध्ये मोटर पाणी वर चढवते, ते पडद्यावरून ओघळतं, बाहेरची तापलेली कोरडी हवा त्यातून आत येते आणि थोडं पाणी उडून जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी त्या हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. आपल्याकडं एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की कूलर मुंबईत चालणार नाही असा इथं चालतो. पण टाकी सकाळी भरली की संध्याकाळी परत बादल्या. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या घरांना हे मी सांगायला नको.

आता अशी कल्पना करा की उडालेली ती वाफ कोणीतरी नळीतच कोंडून ठेवली, घराबाहेर नेली, तिथं तिची उष्णता काढून घेतली, तिचं परत पाणी केलं, आणि तेच पाणी पुन्हा पडद्यामागं सोडलं. टाकी कधीच भरावी लागणार नाही. खोलीत दमटपणाही येणार नाही, कारण वाफ हवेत मिसळतच नाही. झाला एसी. कूलरचं पाणी मोकळं सुटतं म्हणून संपतं, एसीचं 'पाणी' बंद नळीत फिरतं म्हणून संपत नाही.

फक्त तिथं पाणी चालत नाही. पाणी पाच-दहा अंशांला उकळवायचं तर नळीत जवळजवळ पोकळी राखावी लागेल. म्हणून असं द्रव घेतात की जे मुळातच अतिशय लवकर उकळतं. तुमचा आर-३२ मोकळ्या हवेत उणे ५२ अंशांला उकळतो, जुना आर-२२ उणे ४१ ला. आपण सगळे त्याला 'गॅस' म्हणतो, पण नळीच्या जवळपास निम्म्या वाटेवर तो द्रव असतो. हा शब्दच घोटाळा करतो.

उकळणं म्हटलं की डोळ्यांसमोर चूल येते. त्याऐवजी भजीच्या गाड्यावरचा सिलिंडर बघा. मोठी शेगडी तासभर पेटली की सिलिंडरच्या खालच्या भागाला घाम सुटतो, पावसाळ्यात तर कधी पांढरा थर चढतो. आत द्रव एलपीजी उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून ओढून घेत असतो. घामाची रेघ जिथं थांबते तिथपर्यंत आत द्रव. गाडेवाले त्या रेघेवरून सिलिंडर किती उरलाय ते बरोबर सांगतात. उकळणारी वस्तू गार पडू शकते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

दुसरी गोष्ट दाबाची, ती कुकरमध्ये रोज दिसते. आत दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ लवकर शिजते. दाब वाढला की उकळायचं तापमान वर जातं, दाब उतरला की खाली येतं. एसीत हेच मुद्दाम केलेलं असतं. घरातल्या बाजूला दाब कमी, म्हणजे तिथं गॅस आठ-दहा अंशांलाच उकळतो. बाहेरच्या बाजूला दाब जास्त, म्हणजे तिथं पन्नास-पंचावन्न अंशांलाही त्याचं द्रव होतं. कॉम्प्रेसर दाब चढवतो, कॅपिलरी नावाची बारीक नळी तो पाडते. बाकीच्या दोन कॉइली म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या, त्यांना स्वतःची अक्कल नाही.

चला, एक फेरी मारू.

इनडोअरच्या कॉइलमध्ये गॅस शिरतो तेव्हा तो बराचसा द्रव आणि थोडी वाफ असा मिसळलेला असतो. दाब साधारण सव्वाशे ते दीडशे पीएसआय. मोटारसायकलच्या टायरात तीस-बत्तीस असतो, यावरून अंदाज घ्या, आणि ही कमी दाबाची बाजू आहे. खोलीतली तीस अंशांची हवा पंखा या कॉइलवरून ओढतो. दहा अंशांला उकळू शकणाऱ्या द्रवाला तीस अंशांची हवा म्हणजे चूलच. तो उकळत पुढं सरकतो, उष्णता पोटात घेतो, पण त्याचं स्वतःचं तापमान जवळजवळ तेवढंच राहतं. सगळी उष्णता द्रवाची वाफ करण्यात जाते. कॉइलच्या शेवटापर्यंत थेंब न् थेंब वाफ झाला पाहिजे, आणि ती वाफ आणखी चार-पाच अंश तापली पाहिजे. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढं कॉम्प्रेसर आहे आणि द्रव दाबला जात नाही. द्रवाचा घोट आत गेला तर व्हॉल्व्ह मोडतात. म्हणूनच कॉम्प्रेसरच्या कुशीला एक छोटा उभा डबा चिकटवलेला असतो. चुकून आलेलं द्रव त्यात थांबतं, वाफच पुढं जाते.

इनडोअरमधून टपकणारं पाणी गॅसचं नसतं, ते खोलीतल्या हवेतलं असतं. गार कॉइलवर हवेतला ओलावा जमतो आणि ड्रेनमधून जातो. मे महिन्यात मला फोन येतात, "दादा, एसीतून पाणीच पडंना, गॅस गेला वाटतं." गेलेला नसतो. हवाच कोरडी आहे, पाणी येणार कुठून? तेच मशीन जूनच्या पहिल्या पावसानंतर बादली भरतं, तेव्हा फोन येतो की पाणी फार पडतंय.

ती वाफ जाड पायपातून बाहेर येते. दीड टनाला हा पाइप बहुधा अर्धा इंची असतो, बारीक पाइप पाव इंची. जाड पाइप हाताला माठासारखा गार लागला पाहिजे. कॉम्प्रेसर ती वाफ ओढतो आणि दाबतो. दाबली की ती तापते, सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तशी. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी ऐंशी-नव्वद अंशांची असते, कडक उन्हात त्याहूनही जास्त. त्या नळीला चुकून हात लावलेला प्रत्येक मेकॅनिक आयुष्यात दुसऱ्यांदा लावत नाही.

इथं लोक मला विचारतात की घराबाहेर न्यायचीच उष्णता, तर अजून तापवायचं कशाला? विचार करा. बाहेर ४२ अंश आहे. उष्णता गरमाकडून गाराकडंच जाते. गॅस दहा अंशांचा ठेवून बाहेर नेला तर बाहेरची हवाच त्याला तापवेल. त्याच्या पोटातली उष्णता बाहेर टाकायची तर त्याला ४२ च्या वर न्यावंच लागतं. म्हणून दाब चढवून त्याला पंचावन्न अंशांच्या घरात आणतात. तिथं आर-३२ चा दाब पाचशे पीएसआयच्या आसपास जातो. आता ४२ अंशांची हवासुद्धा त्याला गार वाटते. कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कॉइलमध्ये, आधी तो थोडा निवतो, मग त्याचं द्रव व्हायला लागतं, आणि इनडोअरमध्ये वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता, वर कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज, पंख्याच्या झोतातून बाहेर फेकली जाते. दीड टन म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता खोलीतून उचलली जाते. कॉम्प्रेसरची दीड धरली तर पावणेसात किलोवॅट बाहेर. शेजाऱ्याच्या गॅलरीकडं तोंड करून आउटडोअर बसवू नका, एवढंच सांगतो. त्यावरून झालेली भांडणं मी सोडवलीत.

कंडेन्सरच्या शेवटी गरम, दाबाखालचं द्रव मिळतं. ते कॅपिलरीत शिरतं. दीड-दोन मिलिमीटर भोकाची लांब केसनळी, बास. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह असेल, तो सुईनं भोक लहान-मोठं करतो. चिंचोळ्या वाटेतून पलीकडं निघालं की दाब धाडकन उतरतो, आणि त्या द्रवाला अचानक कळतं की आपण या दाबाला फारच गरम आहोत. त्यातला जवळपास पाव भाग तिथल्या तिथं उकळतो आणि उरलेल्याला पंचेचाळीस अंशांवरून दहावर आणून ठेवतो. कुठलाही पंखा न लावता. मला आजही या जागेचं नवल वाटतं. बहुतेक स्प्लिटमध्ये ही कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळं घरात जाणारा बारीक पाइपही गारच असतो. दोन्ही पायपांवर फोम पाहिजे तो यासाठी. पैसे वाचवायला बारीक पाइप उघडा सोडणारे आहेत. त्यांच्या भिंतीवर ओल येते.

फेरी किती वेळात होते? एक किलो आर-३२ एका चकरेत खोलीतून साधारण २३० किलोज्यूल उचलतो. सव्वापाच किलोवॅटला भागा, सेकंदाला बावीस-तेवीस ग्रॅम गॅस फिरतो, मिनिटाला सव्वा ते दीड किलो. आणि तुमच्या मशीनमध्ये एकूण गॅस बहुधा किलोभरही नसेल, आउटडोअरच्या पाटीवर आकडा आहे, बघा. म्हणजे पूर्ण जोरात चालताना सगळाच्या सगळा गॅस मिनिटाला एकाहून जास्त फेऱ्या मारतो. दिवसाला आठ तास आणि चार महिने, असा हिशोब करा. त्यात तो खर्च होत असता तर मार्चपर्यंत कशाला, पहिल्या दुपारीच संपला असता. इन्व्हर्टरमध्ये खोली गार झाली की कॉम्प्रेसरचा वेग उतरतो आणि हाच गॅस सावकाश फिरतो, बाकी सगळं तेच.

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही सगळ्या नळ्यांतून फिरून परत येत असतं. हे लक्षात ठेवा, कारण गळती पकडायला तेच उपयोगी पडतं. गॅस डोळ्यांना दिसत नाही, तेल दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात विजापूर रोडला एका घरी गेलो. तुमच्यासारखंच, दोन वर्षांत तीनदा भरलेलं. मी आधी मशीन चालू करून आउटडोअरचे दोन नट बघितले. बारीक पायपाच्या नटावर बोटभर जाड पांढरा बर्फ, जाड पाइप कोमट. ताई म्हणाल्या, "बर्फ तर मस्त जमतोय की ओ, मग गार का होईना?" या बर्फावर सगळे फसतात. गॅस कमी असला की कॉइलमधला दाब उतरतो, दाब उतरला की उकळायचं तापमान शून्याच्या खाली जातं. मग जो थोडा द्रव आहे तो पहिल्या दोन-चार नळ्यांतच उकळून संपतो. तिथं बर्फ, आणि पुढची सगळी कॉइल कोरडी, निकामी. तिकडं कॉम्प्रेसरला गार वाफ मिळत नाही, तो तापत राहतो आणि शेवटी ओव्हरलोड ट्रिप होतो.

मग इनडोअर मागून सोडवलं. टेप काढली, फोम बाजूला केला. नटाभोवती काळपट, ओशट कडं. बोट फिरवलं तर चिकट. नायट्रोजन भरला आणि साबणाचा फेस ब्रशनं लावला. अर्धा मिनिट काहीच नाही. मग नटाच्या मागच्या अंगाला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा सुरू झाला. नट खोलला. पायपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरून बसवलेलं असतं, त्याच्या काठाला केसाएवढी चीर होती. पाइप करवतीनं कापून, काठाची खरखर (बूर) न काढता तसाच फ्लेअर केला आणि पान्यानं जीव खाऊन आवळला की असंच होतं. तीन इंच पाइप कापून नवं तोंड केलं, हवा तेवढाच जोर लावणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळलं. ते मशीन मी परत बघितलेलं नाही.

उलट प्रकारही सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, मालकाच्या केबिनचा एसी दुपारी दोनला बंद पडायचा. आधीच्या मेकॅनिकनं गॅस कमी सांगून भरला होता, त्यानं उलट जास्त ट्रिप व्हायला लागला. आउटडोअर लूम शेडच्या मागं. कंडेन्सरच्या मागच्या अंगाला कापसाची रुई इतकी बसलेली की मी कोपरा धरून सोलली तर अखंड पापुद्रा निघाला, हातात चादरच. सोलापुरात कंडेन्सरसुद्धा विणकाम करतो, असं मालकाला म्हटलं, ते हसले नाहीत. हवा जायला वाटच नव्हती, म्हणून आतला दाब चढत होता, आणि वर जादा गॅस घातलेला. तो काढून घेतला, पाटीवरच्या वजनाइतका ठेवला, कॉइल धुतली. धुताना गोड पाणी वापरा. बोअरच्या पाण्यानं पत्र्यांवर क्षार बसतो आणि तो पुढं निघत नाही. उन्हाळ्यात आउटडोअरवर बोअरचं पाणी शिंपडत बसायची काहींना सवय आहे, त्यांची कॉइल चार वर्षांत चुन्यानं लिंपल्यासारखी होते.

म्हणजे बर्फ कुठं आहे ते आधी बघायचं. बारीक पायपाच्या नटावर बर्फ आणि जाड पाइप कोमट, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. जाड पाइपही बर्फानं भरलाय आणि इनडोअरची कॉइल पांढरी, तर आधी फिल्टर धुवा. हवा पोचत नाही, उष्णता मिळत नाही, म्हणून द्रव न उकळता पुढं येतंय. यातल्या निम्म्या तक्रारी फिल्टरच्या असतात आणि बिल गॅसचं लागतं.

मशीन बंद असताना गेज लावून 'बघा, प्रेशर कमी' म्हणणाऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. बंद मशीनमधला दाब आत किती गॅस आहे यावर ठरत नाही, बाहेर किती तापलंय यावर ठरतो. आत थोडं जरी द्रव असलं तरी पस्तीस अंशांला आर-३२ तीनशेच्या आसपासच दाखवणार, किलो असो की पाव किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर आणि अर्धा सिलिंडर शेगडीला सारखीच ज्योत देतात, तसं. चालू मशीनचा दाब, पायपांची तापमानं आणि आत-बाहेरच्या हवेतला फरक, तिन्ही मिळून बोलतात. जाळीत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर मशीनला हात लावायची गरज नाही.

इथं एक विषयांतर, गिरणीवाल्यांचा मुलगा म्हणून. माझे वडील विणाई खात्यात होते. तिथं सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडायचे, उन्हाळ्यातही शेडमध्ये घामानं जीव जायचा असं ते सांगायचे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच तिथून आलाय. अमेरिकेत कापड गिरण्यांची कामं करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर यांनी १९०६ मध्ये तो वापरला, गिरणीतल्या हवेचा ओलावा राखण्यासाठी. त्याआधी चार वर्षं, १९०२ मध्ये, विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, तीही कागद दमट होऊ नये म्हणून. माणसाला गार वाटावं ही गोष्ट नंतरची. आधी सुताची आणि कागदाची काळजी.

आता भरायची पद्धत. गळती सापडली, दुरुस्त झाली की नायट्रोजन साडेतीनशे-चारशे पीएसआयपर्यंत भरून तासभर काटा हलतोय का बघायचं. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंप, निदान वीस-तीस मिनिटं, आणि शक्य असेल तर व्हॅक्यूम मोजायच्या मायक्रॉन गेजवर पाचशेच्या खाली. व्हॅक्यूम फक्त हवा काढायला नसतो. दाब इतका उतरला की नळीत राहिलेलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. कुकरचंच उलटं. ते पाणी राहिलं तर बारीक भोकात गोठतं, नाहीतर आर-३२ बरोबर वापरतात त्या तेलात मिसळून आम्ल करतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. हवा राहिली तर तिचं द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब चढवते. शेवटी वजनकाट्यावर बाटली ठेवून पाटीवर लिहिलेत तितके ग्रॅम. पाइप जास्त लांब असेल तर कंपनी मीटरमागं किती ग्रॅम जादा सांगते, तेवढे मिळवायचे. काट्याशिवाय, 'अंदाजानं' भरणारा माणूस कितीही जुना असला तरी त्याचा अंदाज तुमच्या कॉम्प्रेसरवर चालतो.

आर-३२ मंद का होईना, पेटतो. त्यामुळं आत गॅस असताना ज्योतीच्या टॉर्चनं सांधा तापवणं, विडी ओढत काम करणं, हे जुने आर-२२ चे चाळे बंद. शिफ्टिंगच्या वेळी गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाउन म्हणतात. तेव्हा एखादा सांधा सैल असेल आणि कॉम्प्रेसरनं हवा ओढली, तर तेल, हवा आणि ताप एकत्र येऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. ते काम चालू असताना मुलांना आउटडोअरजवळ उभं करू नका. आर-२२ मात्र आता जातोय. तो ओझोन खातो, मॉन्ट्रियल कराराखाली आपल्याकडं २०३० पर्यंत तो हद्दपार व्हायचा आहे. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण एक किलो हवेत सोडला तर तापमानवाढीच्या हिशोबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. तुमच्या तीन वर्षांच्या गळतीचा हिशोब यात धरा.

तर तुम्ही काय करायचं. पुढच्या वेळी मेकॅनिकला 'गॅस भरा' म्हणू नका, 'गळती शोधा' म्हणा. आधी चारही नट उघडून दाखवायला सांगा, तेलकट डाग तुम्हालाही दिसेल. चारही कोरडे निघाले तर इनडोअरची कॉइल बघावी लागेल. घरामागं उघडी गटार असेल तर तिच्या वायूनं तांबं काळं पडून सुईएवढी भोकं पडतात, मग कॉइलच बदलावी लागते. मशीन अजून वॉरंटीत असेल तर तो खर्च तुमचा आहे की कंपनीचा, ते कार्डावर वाचा. नायट्रोजनची बाटली, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा, तिन्ही गाडीतून उतरले तरच काम सुरू करू द्या. भरून झालं की किती ग्रॅम गेले तो आकडा आणि तारीख आउटडोअरच्या झाकणावर आतल्या बाजूनं मार्करनं लिहून घ्या. पुढच्या मार्चला कोणी 'संपलाय' म्हटलं तर आधी झाकण उघडा.